साळवे कोणत्या घरात बसतात?

शाळेत नोकरी केलेल्या माणसाकडे किस्से किती साचतात, ते त्याच्या बायकोला विचारावं. मी निवृत्त झालो तेव्हा एक शाल, एक नारळ आणि किश्शांचं गाठोडं एवढंच घरी आणलं. शाल कपाटात गेली, नारळाची चटणी झाली. किस्से मात्र कुणी पाहुणा चहाला टेकला की बाहेर निघतात, आणि तेवढ्यात बायकोला आत काहीतरी काम आठवतं.

त्यातले बरेचसे एकाच टेबलाभोवतीचे आहेत. पाथरी आणि देवगाव फाटा यांच्या मधल्या एका गावात आमची शाळा होती. ऐंशी सालानंतरची मधली वर्षं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन बसला होता, नाव काही बदललं नव्हतं, आणि ते बदलावं की नाही यावर टपरीपासून एस.टी.च्या मागच्या सीटपर्यंत वाद चालायचे. आमच्या टेबलाशी चौघं असायचो. मी मराठीचा, कादरी सर हिंदीचे, देशमुख सर विज्ञानाचे आणि साळवे सर गणिताचे.

मी सांगतोय त्या साली साळवे जूनमध्ये नवीन आले होते. बायको आणि दोन मुली राणीसावरगावला होत्या, कारण आमच्या गावात त्यांना भाड्यानं घर मिळत नव्हतं. साळवे बौद्ध होते, एवढं सांगितलं की त्या वर्षांतल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. ते प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत एका खाटेवर झोपायचे आणि शनिवारी अर्धी शाळा सुटली की तीन एस.टी. बदलून घरी जायचे. हेडमास्तरांना खाटेचं माहीत होतं, आणि माहीत नाही असंच ते वागायचे.

*

देशमुखांचा मेव्हणा अमेरिकेत इंजिनिअर होता. कुणी इकडं येणारं भेटलं की त्याच्याबरोबर तो कोड्यांची मासिकं पाठवायचा. देशमुख ती टेबलावर अशी ठेवायचे की येणाऱ्या-जाणाऱ्याला वरचं इंग्रजी दिसलंच पाहिजे. शेवटच्या पानांवर आकड्यांचे चौकोन असत. आता पेपरात रोज येतं ते सुडोकूच, पण तेव्हा तो शब्द आम्ही कुणी ऐकला नव्हता. कादरी सरांनी पहिल्यांदा पाहिलं आणि विचारलं, "हे काय, रॉकेलचा कोटा?"

साळव्यांनी नियम वाचून सांगितला. नऊ आडव्या ओळी, नऊ उभ्या, आणि आत तीन बाय तीनच्या नऊ चौकटी. एक ते नऊ आकडे भरायचे. आडव्या ओळीत, उभ्या ओळीत किंवा चौकटीत कोणताही आकडा दुसऱ्यांदा येता कामा नये. काही घरांत आकडे आधीच छापलेले, बाकीची घरं रिकामी. ते 'घरं'च म्हणाले, सारीपाटाची म्हणतात तशी, आणि आम्हा सगळ्यांच्या तोंडी तोच शब्द बसला.

मासिकावर पेन्सिल लावायची नाही असा देशमुखांचा हुकूम होता. म्हणून साळवे प्रयोगशाळेतल्या आलेखाच्या कागदावर चौकोन उतरवून घ्यायचे. पहिल्या चौकोनाला देशमुख स्वतः बसले आणि मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आत सगळी घरं भरून मोकळे झाले. साळव्यांनी कागद हातात घेतला. तिसऱ्या ओळीत दोन सात होते.

"दोन असले तर काय बिघडलं?" देशमुख म्हणाले.

"सर," साळवे म्हणाले, "ही काय कालव्याच्या कामावरची हजेरी हाय का, एकच गडी दोन ठिकाणी दाखवायला?"

*

देशमुखांचा सगळा भर अंदाजावर. वाटला आकडा की बसवला, चुकला की खोडला. त्यांच्या कागदाला दुसऱ्या तासापर्यंत भोकं पडायची. साळव्यांची रीत वेगळी होती. रिकाम्या घराच्या कोपऱ्यात, त्या घरात कोण कोण येऊ शकतं ते आकडे बारीक लिहायचे. त्यांना ते उमेदवार म्हणायचे. मग एकेक उमेदवार कापत आणायचा. ज्या घरात एकच उरला, त्याचं घर पक्कं.

कादरी सरांना आकडे लक्षात राहीनात. ते म्हणाले, माणसं लक्षात राहतात, आकड्यांना माणसांची नावं देऊन टाका. देशमुखांनी एक घेतला, साहजिकच. साळव्यांना चार आला, मला पाच, कादरी सरांना सात. हेडमास्तरांना नऊ दिला, कारण नऊ कुठं आहे ते कधीच वेळेवर सापडायचं नाही. उरलेले आकडे बाकीच्या मास्तरांना वाटले. तेव्हापासून आमच्या टेबलावर चार बसवायचा असं कुणी म्हणत नसे. साळव्यांना बसवायचं, असं म्हणत.

एकदा एका ओळीत दोन घरं अशी निघाली की दोन्हींत दोन आणि आठ हे दोनच उमेदवार. कोणतं घर कुणाचं ते ठरत नव्हतं. साळवे म्हणाले, ठरायची गरजच नाही. ती दोन घरं त्या दोघांत वाटली गेली, म्हणजे त्या ओळीतल्या बाकीच्या घरांतून दोन आणि आठ बाद. देशमुखांच्या डोक्यात ते शिरेना. मी मराठीचा माणूस, मी सोपं करून सांगितलं, "दोन जावा, दोन चुली. कुणाची कोणती ते त्या बघतील. तिसरीनं तिथं स्वयंपाकाला जायचं नाही, एवढंच."

देशमुखांना हे इतकं पटलं की त्यांनी आलेल्या गेलेल्याला ऐकवलं, "दोन जावा, दोन चुली, विषय संपला!" नेमका तेव्हाच शिपाई मारोती चहा घेऊन आत आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं देशमुखांचा धाकटा भाऊ खेड्याहून थेट शाळेत हजर. डोळे लाल.

"दादा, चुली वेगळ्या व्हायल्या म्हणं. मला कोण सांगणार हाय?"

त्याला समजावता समजावता आमचा पहिला तास बुडाला. जाताना तो म्हणाला, वाटणी झालीच तर इथल्या तुमच्या घरामागच्या त्या दोन खोल्या मला नकोत, मी काही इकडं राहायला येत नाही, त्या ठेवा तुमच्याकडंच. त्या खोल्या त्याच्यासाठीच बांधलेल्या होत्या. वेगळं दार, वेगळी मोरी, आणि रिकाम्या.

भाऊ गेल्यावर कादरी सर देशमुखांकडं बघत राहिले. देशमुख न विचारताच म्हणाले, "माझं काही नाही हो. मी असलं मानत नाही. आईला चालायचं नाही." देशमुखांच्या आईला आम्ही सगळेच भ्यायचो, म्हणून विषय तिथंच थांबला. साळवे पेन्सिलीला टोक काढत होते.

*

साळवे घर बघायला जायचे तेव्हा सोबत कादरी सर असायचे. एका दारावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती. मालक चांगला माणूस. बसा म्हणाला, पाणी दिलं. नाव विचारलं, साळवे. गाव विचारलं, राणीसावरगाव. मग हळूच विचारलं, गावात कुठल्या अंगाला? साळव्यांनी सांगितलं. मालकाला एकदम आठवलं की खोली परवाच एकाला देऊन टाकली.

महिना झाला तरी पाटी तिथंच. साळव्यांना आम्ही विचारलं, राहायला कोण आलंय तिथं? ते म्हणाले, "पाटीच राहायलीय."

त्यानंतर त्यांनी जे सांगितलं, ते मला अजून आठवतं. म्हणाले, आपण उगीच अमेरिकेचं मासिक घेऊन बसलोय. आडनावावरून कळलं नाही तर गाव विचारायचं. गावावरून कळलं नाही तर गल्ली विचारायची. तेवढ्यावर भागलं नाही तर भिंतीवर कुणाचा फोटो लावता ते विचारायचं. एकेक उमेदवार कापत कापत माणसापर्यंत बरोब्बर यायचं. "हे तंत्र आपल्याकडं लय जुनं हाय," ते म्हणाले, "आणि कुणी अंदाजानं करत न्हाई."

ते हसले म्हणून आम्हीही हसलो. मला वाईट वाटलं होतं, पण तेव्हा मी तसं बोललो नाही.

*

मासिकाच्या मागं उत्तरांचं पान असायचं. ते देशमुखांनी फाडून घरी कपाटात ठेवलं होतं, कुणाला मोह नको म्हणून. एका सोमवारी ते आले आणि सगळ्यांत अवघड चौकोन मागून घेतला. हनुवटीला हात लावून बसले, मान हलवली, मग एका दमात पहिली ओळ भरली. एकदाही खोडलं नाही. कादरी सरांनी वा म्हटलं.

साळवे म्हणाले, "सर, इथं छापलेला सहा हाय. त्याच्यावर तुमी तीन लिहिलाव."

देशमुखांनी निरखून बघितलं. मग म्हणाले, "छपाईची चूक दिसतीय."

कादरी सरांनी मासिक उघडून पुढचा चौकोन बघितला. देशमुखांची ओळ तिथं जशीच्या तशी बसत होती. रविवारी पाठ करताना शेजारच्या कोड्याचं उत्तर पाठ झालं होतं. साळवे एवढंच म्हणाले, "अमेरिकेचीच चूक हाय म्हणल्यावर आपण काय बोलावं?"

*

मग खाट सापडली त्या दिवसाचं. खाट हे चौकोनातल्या एका तंत्राचं नाव, आणि ते साळव्यांनी स्वतः शोधून काढलं होतं. एका ओळीत पाच फक्त दोनच घरांत येऊ शकतो. खाली आणखी एका ओळीत तो पुन्हा दोनच घरांत येऊ शकतो, आणि ती घरं वरच्या घरांच्या नेमकी खाली आहेत. चार घरं म्हणजे खाटेचे चार पाय. पाच कोणत्या दोन पायांवर बसेल ते ठरत नाही, पण समोरासमोरच्या तिरप्या पायांवर बसणार हे नक्की. म्हणजे त्या दोन उभ्या ओळींत खाटेबाहेर कुठंही पाच येणार नाही, सगळे कापून टाका. पाच म्हणजे मी. त्यामुळं कादरी सर मला विचारायचे, "आज कोणत्या पायावर?"

त्या दिवशी तपासणीला साहेब आले होते. हेडमास्तर त्यांना वर्ग दाखवत आमच्या दारापर्यंत आले, आणि आत देशमुखांना आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची स्वतः खाट दिसली. ते उठून ओरडले, "सापडली! साळव्यांची खाट सापडली!"

साहेब दारात थांबले. कुठली खाट, म्हणाले. हेडमास्तर एकदम मधल्या सुट्टीच्या घंटेचं बोलायला लागले. साहेबांनी मग सगळ्या खोल्या बघायच्या म्हटलं. आम्ही पुढच्या बाजूनं तिकडं पोचलो तोवर मारोतीनं मागच्या दारानं पळत जाऊन खाटेवर पांढरी चादर टाकली होती, आणि चादरीवर चंचुपात्रं, स्टँड, स्पिरिटचा दिवा मांडला होता. हेडमास्तर म्हणाले, प्रयोगाचं टेबल आहे.

साहेबांनी टेबलावर हात दाबला. सगळी चंचुपात्रं घरंगळत मधोमध गोळा झाली.

"तुमचं टेबल झोळ खातंय," साहेब म्हणाले आणि पुढं गेले.

शेऱ्यात त्यांनी काही लिहिलं नाही. पण संध्याकाळी हेडमास्तरांनी साळव्यांना बोलावलं. महिनाअखेरपर्यंत बाहेर सोय बघा, म्हणाले, नाहीतर माझ्या नोकरीवर येईल. त्यांचंही खोटं नव्हतं. साळवे परत येऊन टेबलाशी बसले आणि अर्धवट राहिलेला चौकोन पुढं ओढला. सोय झाली नाही तर काय करणार, असं मी विचारलं. बदली मागणार, म्हणाले. बदली म्हणजे पुन्हा दुसरं गाव, पुन्हा पहिल्यापासून.

*

त्याच महिन्यात नामांतरावरून बंद झाला. एस.टी. बंद, दुकानं बंद, पोरं आली नाहीत, पण मास्तरांनी हजर राहायचं होतं. आम्ही चौघं टेबलाशी. नावाचा विषय इथं काढायचा नाही असं आमचं न ठरवता ठरलेलं होतं. देशमुख विरोधात होते आणि साळवे बाजूनं, हे सगळ्यांना माहीत होतं.

दुपारपर्यंत देशमुखांना राहवलं नाही. म्हणाले, "साळवे, रागावू नका. पण मला सांगा, नावानं काय होतंय? पाटी बदलल्यानं माणसाचं काय बदलतंय?"

साळव्यांनी कागदावरनं मान वर केली नाही. "नावानं काही होत न्हाई, हे तुमी मला सांगताव," ते म्हणाले. "मी घर बघायला गेलो की पहिलं काय इचारत्यात, सर?"

देशमुख मासिकाची पानं चाळायला लागले. कादरी सरांनी बशीत चहा ओतला. त्या दिवशी चौकोन सुटला नाही, आणि कुणी सुटला का म्हणून विचारलंही नाही.

*

महिना संपत आला होता. सहामाहीचे पेपर तपासायला देशमुखांनी आम्हाला घरी बोलावलं. त्यांचं घर नवीन, स्लॅबचं. पुढच्या व्हरांड्यात सतरंजी टाकली होती. देशमुखांच्या आई आतल्या उंबऱ्याजवळ शेंगा फोडत बसल्या होत्या. पेपर तासाभरात बाजूला पडले आणि देशमुखांनी मासिकातला शेवटचा चौकोन काढला. तो महिनाभर अडला होता. जावा बघून झाल्या, खाट बघून झाली, काही हलेना.

साळवे म्हणाले, आता एकच राहिलं, 'समजा' करायचं. देशमुखांना वाटलं अंदाज करायचा, ते खूश झाले. साळवे म्हणाले, नाही. अंदाज म्हणजे बसवून टाकणं. समजा म्हणजे विचारून बघणं. एका घरात दोन उमेदवार आहेत, चार आणि नऊ. समजा नऊ बसला, मग पुढं काय काय होईल ते बघत जायचं. कुठं अडलं तर नऊ खोटा, चार खरा.

त्यांनी नऊ बसवला आणि एकेक घर पुढं सरकत दाखवलं. सातव्या ओळीत दोन आठ झाले. नऊ खोटा ठरला. देशमुख तरी मानेनात. अंदाजाच्या माणसाला पुरावा पचत नाही.

"साळवे ह्या घरात बसत न्हाईत," ते म्हणाले.

"हेडमास्तरांना बसवून बघितलं की, सर. ओळ बिघडली. मग मीच राहिलो."

"तरी बसत न्हाईत."

"आडव्या ओळीत कुणी अडवायलंय का?"

"न्हाई."

"उभ्या?"

"न्हाई."

"चौकटीत?"

"न्हाई."

"मग साळव्यांना ह्या घरात कोण अडवायलंय, ते तरी दाखवा."

देशमुख कागदावर बोट फिरवत राहिले. कादरी सरांनी कप खाली ठेवला आणि कुणाकडंही न बघता म्हणाले, "आई अडवत्यात."

शेंगा फोडल्याचा आवाज थांबला. देशमुखांच्या आई उठून व्हरांड्यात आल्या.

"मी? मी कवा अडवलं कुणाला?"

देशमुख गडबडीनं म्हणाले, "आई, हे कोड्याचं चाललंय. आकड्याचं."

"आकड्याचं हाय तर त्यात माझं नाव कामून आलं?"

मी पेपरांचा गठ्ठा सारखा करायला लागलो.

"बापू, मागच्या खोल्यांचं म्हणायलेत हे. मला कळतं," त्या मुलाला म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी व्हय म्हणले असते का न्हाई म्हणले असते, ते माझं मी बघितलं असतं. पण मला न इचारता माझ्या नावानं न्हाई सांगून मोकळं व्हायचं, ही कुठली रीत?"

देशमुखांनी खोडरबर हातात घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं. साळवे उभे राहिले.

"आई, मग मी इचारतो. मी साळवे. बौद्ध हाय. बायको हाय, दोन पोरी हायत. मागच्या दोन खोल्या भाड्यानं देताव का?"

त्यांनी साळव्यांकडं बघितलं. मग मुलाकडं बघितलं, बराच वेळ. पदराला लागलेली टरफलं झटकली.

"तिकडचं दार पावसानं फुगलंय," त्या म्हणाल्या. "एकट्याच्यानं उघडत न्हाई. बापू, ऊठ. दोघं मिळून ढकला."

दोघं मागं गेले. कादरी सर आणि मी चौकोनाकडं बघत बसलो. मागून नुसता दारावर खांदा आपटल्याचा आवाज येत होता. मग देशमुखांचा आवाज आला.

"साळवे, तुमी खालून जोर लावा. मी वरून लावतो."